बायोडाटातलं एक वाक्य

नमस्कार श्रोतेहो. गेल्या महिन्यात सांगलीत विश्रामबागला राहणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बायोडाटा घेऊन घरी आले. साखर कारखान्यात 22 वर्षं नोकरी झालेली, आता दुसरीकडं चीफ इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. पाच पानं भरलेली. पहिल्याच पानावर जन्मतारीख, वडिलांचं नाव, दहावीचे मार्क. आणि कामाबद्दल? 'देखभाल विभागाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली.'

मी म्हटलं, "दादा, हे वाक्य तुमच्या आधीच्या साहेबांनाही लागू पडतं आणि तुमच्या जागी येणाऱ्यालाही. तुम्ही होता म्हणून काय बदललं?"

जरा वेळ गप्प बसले. मग बोलायला लागले. ऐन गाळपात मिल बंद पडायची, गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्या ताटकळायच्या. यांनी हंगाम संपल्या संपल्या एकेक रोलर, बेअरिंग उघडून तपासायची पद्धत बसवली. तीन हंगामांत बंदचे तास निम्म्यावर आले. यातलं एक अक्षरही त्या पाच पानांत नव्हतं!

स्वतःचं स्वतः सांगू नये, हे आपल्या अंगात मुरलंय. म्हणून आपण 'आम्ही केलं' असं लिहून मोकळे होतो. टीमचं श्रेय टीमला द्याच. पण वरच्या जागेसाठी माणूस निवडताना समोरचा बघतो, की निर्णय कुणी घेतला, किती माणसं हाताखाली होती, किती पैसा वाचला. ते तुम्हीच सांगायचंय. आकडा कंपनीचा गोपनीय असेल तर रक्कम लिहू नका, टक्का लिहा.

बाकीचं सोपं आहे. दोन पानं पुष्कळ झाली. अलीकडची दहा-पंधरा वर्षं सविस्तर, त्याआधीची एकेका ओळीत. मोठ्या कंपन्यांत अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं, तेव्हा तक्ते, दोन रकाने, फोटो टाळा. कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो तर पाठवूच नका. जाहिरातीतलं एखादं काम तुम्ही खरोखर केलं असेल, तर त्यांचाच शब्द वापरा.

नेमका आकडा आठवेना, म्हणून ते गृहस्थ घरी जाऊन माळ्यावर चढले. हंगामाच्या जुन्या डायऱ्या मिळाल्या. ग्रीसचे डाग पडलेल्या पानांवर रोजचे बंदचे तास त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते.