चढाला खुबा, पाइपावर गुडघा

[दृश्य: वेताळ टेकडी, सकाळ. चढणारा लॅब्रॅडॉर, बाजूने, स्लो मोशनमध्ये.]

कुत्र्याचा कुठला सांधा कुठल्या व्यायामाने मिटतो-उघडतो, ते पाहू. आधी मागचा पाय बघा. मध्ये जो उलटा कोन दिसतो, त्याला बहुतेक जण गुडघा म्हणतात. तो घोटा. गुडघा त्याच्या वर, पोटालगत. पुढचा पाय तर धडाला हाडाने जोडलेलाच नाही. छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उभ्या कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन याच पायांवर असतं.

निरोगी लॅब्रॅडॉरचा गुडघा हाताने मिटवला तर कोन 42 अंशांपर्यंत येतो, ताणला तर 162 पर्यंत जातो. सपाट रस्त्यावर चालताना यातला निम्मा पल्लाही वापरला जात नाही. त्यामुळे ‘रोज तासभर फिरवतो’ म्हणणाऱ्याचा कुत्रा थकतो, पण आखडलेला गुडघा आखडलेलाच राहतो.

आता चढ. इथे खुबा जास्त मिटतो आणि ढकलायचं काम मागच्या पायांकडे जातं. गुडघा मात्र पुरता उघडत नाही.

[दृश्य: तोच कुत्रा, उतारावर.]

उतरताना उलटं. खुब्याचं मिटणं कमी होतं, भार पुढे सरकतो आणि खांदा, कोपर, मनगट ब्रेक लावत राहतात. कोपराचा संधिवात असलेला कुत्रा टेकडी आनंदाने चढतो आणि घरी येऊन लंगडतो, ते यामुळे. अशा कुत्र्याला जवळची तीव्र वाट नको. लांबच्या, मंद उताराने, पट्टा आखूड धरून आणावं. पर्वतीच्या पायऱ्या उड्या मारत उतरू देणं तर नकोच.

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग. रबरी मॅटवर ओळीने मांडलेले पाइप.]

गुडघा आणि घोटा वाकवायचा तर चार-सहा पीव्हीसी पाइप पुरतात. दोन पाइपांमधलं अंतर कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतकं; लॅबसाठी सुमारे 55 सेंटिमीटर. आधी पाइप जमिनीवरच ठेवायचे आणि कुत्र्याला ते ओलांडत चालवायचं. पाय अडखळेनासे झाले की विटांवर, पण मनगटाच्या खालीच. पाइप बांधायचा नाही. पाय लागला तर तो घरंगळून पडला पाहिजे. कोपर, मनगट, गुडघा, घोटा, चारही जास्त मिटतात. खुब्याला फारसा फरक पडत नाही, त्यासाठी चढच बरा.

इथली नेहमीची चूक म्हणजे घाई. वेग वाढला की कुत्रा मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखी उडी मारतो आणि दुखरा पाय चांगल्याच्या आडोशाला लपतो. संथ चालीतच एकेक पाय उचलला जातो. गुळगुळीत टाइल्सवर तर हा प्रकार करूच नये.

[दृश्य: पाण्यातली ट्रेडमिल, काचेतून दिसणारे पाय.]

पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर 91 टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत 85, खुब्यापर्यंत भरलं की 38. पोहण्यात भार जवळजवळ नाहीच आणि पाय छान मिटतो. पण मागे पुरता ताणला जात नाही. सांधा उघडत नसेल, तर नुसत्या पोहण्यावर भिस्त ठेवू नका.

[दृश्य: मोबाइलवर चालणारा कुत्रा, समोरून.]

व्यायामानंतर कुत्रा तुमच्याकडे येतानाचा व्हिडिओ काढा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. चांगला पाय टेकला की खाली येतं.