खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची?

हा ग्लोब बघा. दोऱ्याचं एक टोक लंडनवर, दुसरं लॉस एंजेलिसवर. नकाशात बघितलं तर वाटतं अटलांटिकवरून आडवं जायचं, पण दोरा ताणला की तो आपोआप वर सरकतो, ग्रीनलंड गाठतो, मग कॅनडा, आणि मग खाली उतरतो. विमान पण साधारण याच वाटेने जातं, वारा बघून थोडं इकडंतिकडं. म्हणून सीट बुक करायच्या आधी हा दोरा.

आता सूर्य. विमान पश्चिमेला चाललंय म्हणजे दक्षिण डाव्या हाताला, आणि इतक्या उत्तरेला दिवसा ऊन बहुतेक दक्षिणेकडूनच येतं, म्हणजे ए सीटवाल्याच्या तोंडावर तासन् तास ऊन आणि फोटोत फक्त काचेवरचे ओरखडे. आम्ही बसलो उजवीकडे, के मध्ये. आणि मग हे.

[इथं दहा सेकंद कोणी बोलायचं नाही, इंजिनाचा आवाज तेवढा येऊ दे]

ग्रीनलंडचा किनारा. काळ्या डोंगरांमधून हिमनद्या खाली सरकतायत, आणि पाण्यात ते मिठाच्या खड्यांसारखं दिसतंय ते हिमनग. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज जवळपास 375 किलोमीटर लांब असतं, त्यामुळं हा सगळा पट्टा हळूहळू सरकतो, घाईच नसते.

सावलीच्या बाजूची अजून एक कमाई म्हणजे ढगावरचं हे रंगीत कडं. याला ग्लोरी म्हणतात. विमान ढगाच्या जवळ असलं तर कड्याच्या मधोमध विमानाची सावली पण दिसते. ही सूर्याच्या बरोब्बर उलट दिशेला पडते, उन्हाच्या खिडकीत बसून कितीही वाट बघा, दिसायची नाही.

रांग पंखाच्या पुढची किंवा चांगली मागची. इंजिनाच्या थोडं मागं बसलं की गरम हवेनं असं होतं बघा, डोंगर थरथरतात. आणि काही रांगांना खिडकीच नसते, नुसती भिंत, आतून एसीचे पाइप गेलेले असतात, पण बुक करताना मात्र ती विंडो सीटच. बुकिंगच्या आधी त्या विमानाचा सीट मॅप नीट बघा.

आता जरा जवळ जाऊ. काचेच्या खालच्या बाजूला हे बारीक भोक, सुईनं पाडल्यासारखं, आणि भोवती बर्फाची फुलं. खिडकीला तीन थर असतात. बाहेरचा थर हवेचा दाब पेलतो, मधला त्याचा राखीव, आतला प्लास्टिकचा, आपण डोकं टेकवतो तो. भोक मधल्या थराला असतं, त्यामुळं दाब बाहेरच्याच थरावर राहतो आणि आतली दमट हवा निघून जाते, काच धुरकट होत नाही. कोपरे गोल का, त्याचीही गोष्ट आहे. 1954 मध्ये कॉमेट जातीची दोन विमानं हवेतच फुटली. मग एका कॉमेटचा सांगाडाच पाण्याच्या टाकीत ठेवून दाब वाढवत, कमी करत राहिले, आणि शेवटी तो खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटला. कोपऱ्यात ताण साठतो, वळण दिलं की पसरतो.

हा टाइमलॅप्स दुसऱ्या फ्लाइटचा, हिवाळ्यातल्या दुपारचा, आणि यावेळी मुद्दाम डावीकडून. 60 अंश उत्तरेला पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण 835 किलोमीटरनं पूर्वेकडं फिरतो आणि आपण ताशी 900 च्या आसपास पश्चिमेकडं, म्हणून सूर्य असा क्षितिजावर अडकून बसलाय. परतीला रात्री अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशातला तो रंगीत उजेड, दिसला तर डावीकडंच दिसेल, उत्तर तिकडं येते. आमच्या नशिबी ढगच होते, पुढं चला.

खिडकीला बसलं की उठणं कमी होतं, आणि तासन् तास न हलता बसल्यानं पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, शिवाय शेजाऱ्याची झोप मोडते ती वेगळीच, तेव्हा अधूनमधून उठा आणि त्याला विचारून घ्या.

आणि ही केबिन. बाहेर भर दुपार, आत सगळी शटर खाली. या समोरच्या स्क्रीनवर नकाशा चालूय, छोटंसं विमान ग्रीनलंडवर आलंय, आणि तो बघणाऱ्याची खिडकी बंद.

हा हात आमच्या कॅमेरामनचा.

[शटर वर जाताना आवाज नको, शॉट पूर्ण चालू दे]