हळदीचं गाणं कोण विकतं?

(दृश्य : धुळे जिल्ह्यातलं एक गाव. मांडवासमोर बँडची गाडी उभी. धुरळा, लाइटिंग, नाचणारे पाय.)

लग्नसराई आहे आणि आज हळद आहे. बँडच्या गाडीवर कीबोर्डवाला बसलाय, शेजारी माइक धरून गायक उभा आहे आणि खाली आख्खी भावकी नाचतेय. गाणं अहिराणीतलं, म्हणजे इथल्या खान्देशी बोलीतलं. मुंबईच्या कुठल्या बड्या कंपनीनं ते काढलेलं नाही, टीव्हीवर ते कधी लागलेलं नाही. तरी नवरदेवाच्या आजीपासून सुरतेहून आलेल्या चुलतभावापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

2011च्या जनगणनेत आपली मातृभाषा खान्देशी गटातली सांगणारे 18 लाख 60 हजारांच्या आसपास लोक होते. त्यातले बहुतेक अहिराणी बोलणारे. नोकरीसाठी सुरत, नाशिक, पुणे गाठलेल्या आणि कागदावर नुसतं ‘मराठी’ लिहून मोकळ्या झालेल्यांचा यात हिशेबच नाही. म्हणजे गिऱ्हाईक काही थोडंथोडकं नव्हतं. पण बरीच वर्षं या गिऱ्हाइकाला कुणी विचारलं नाही.

(दृश्य : जुनी तबकडी, फिरती सुई.)

त्यामागे आकस नव्हता. हिशेब होता. तबकडी निघायची कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात. साचा बनवायचा, प्रती छापायच्या, त्या देशभर पाठवायच्या. हजारांनी खपणार असेल तरच हा खटाटोप परवडायचा. मग हिंदी सिनेमाचं गाणं निघणार की शिरपूरकडचं, खान्देशातल्या कानबाई देवीचं? दमदमच्या व्यवस्थापकाच्या जागी तुम्ही-आम्ही असतो, तरी हेच केलं असतं.

मग कॅसेट आली. सत्तरीच्या शेवटी शेवटी आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले टू-इन-वन दिसू लागले आणि ऐंशीच्या दशकात ते घराघरांत पोचले. कॅसेट दोन डेकच्या मशिनवर खोलीतही कॉपी होत होती. दोनशे प्रती काढल्या तरी धंदा जमायचा. आवाजात खरखर, मुखपृष्ठाची छपाई पुसट, पण गाणं आपलं. सारंगखेड्याच्या यात्रेत, धुळ्याला एकवीरेच्या यात्रेत, एसटी स्टँडच्या टपरीवर भक्तिगीतं, लग्नाची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी विकली जाऊ लागली. रेकॉर्ड कंपन्यांनी ज्याला कधी गिऱ्हाईक मानलंच नव्हतं, तो खिशातून पैसे काढून उभा होता.

(दृश्य : यात्रेतली गर्दी. पाळणे, रेवड्यांचे ढीग.)

अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये क्लेटन ख्रिस्टेन्सन नावाचे प्राध्यापक होते. 1995 साली जोसेफ बोअर यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी या प्रकाराला नाव दिलं. पुढे ‘डिसरप्टिव्ह इनोव्हेशन’ म्हणून ते जगभर गाजलं आणि मग इतकं वापरलं गेलं की पार गुळगुळीत झालं. त्यांचं म्हणणं मात्र सोपं होतं. प्रस्थापित धंदा आळसानं बुडत नाही. तो आपल्या चांगल्या गिऱ्हाइकाची नीट सेवा करता करता बुडतो. खालून एक स्वस्त, ओबडधोबड वस्तू येते. चांगल्या गिऱ्हाइकाला ती नको असते आणि नफाही फुटकळ असतो, म्हणून मालक तिकडे बघत नाही. ती वस्तू हळूहळू सुधारते. मालकाचं लक्ष जातं तेव्हा गिऱ्हाईक तिकडे गेलेलं असतं.

नवीन आलेली प्रत्येक गोष्ट या व्याख्येत बसत नाही, हेही ख्रिस्टेन्सन पुढे स्वतःच सांगत राहिले. आपल्याकडचं उदाहरण घ्या. एकपडदा टॉकीजला मल्टिप्लेक्सनं हाणलं, असं आपण सहज म्हणतो. पण मल्टिप्लेक्स आलं वरून. महाग तिकीट, गार हवा, मऊ खुर्ची. टॉकीजच्या पायाखालची माती त्याच्या आधीपासूनच सरकत होती. ती सरकवली व्हिडिओ पार्लरनं आणि केबलनं.

व्हिडिओ पार्लर म्हणजे एक बंदिस्त खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि सतरंज्या. खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगावात यंत्रमाग कामगारांनी अशा खोल्या भरून जायच्या. 2000च्या सुमारास तिथल्याच पोरांनी हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर आपले सिनेमे काढायला सुरुवात केली. मोठ्या हिंदी सिनेमांच्या नकला, मालेगावची बोली, ओळखीच्या गल्ल्या. क्रेन नव्हती, म्हणून बैलगाडीचं जू तिरपं करून तिच्यावर कॅमेरामन बसवला. मुंबईच्या निर्मात्याला हा पोरखेळ वाटला असता. त्या खोलीतला प्रेक्षक मात्र पडद्यावर स्वतःची गल्ली पहिल्यांदाच बघत होता. ‘खान्देशी कॉमेडी’ म्हणून आज यूट्यूबवर जे कोट्यवधी वेळा पाहिलं जातं, त्याची मुळं या सतरंज्यांवर आहेत.

(दृश्य : गच्चीवरची गंजलेली डिश, खांबाखांबाला लोंबणाऱ्या काळ्या वायरी.)

आता केबलवाल्याकडे येऊ. या सगळ्या कथेत मला सगळ्यात जास्त शिकवणारा माणूस हाच वाटतो.

1991-92 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. तालुक्याच्या गावात कुणी तरी गच्चीवर डिश बसवली आणि खांबांवरून वायर ओढली. बाहेरच्या वाहिन्यांबरोबर त्याचा स्वतःचा एक व्हिडिओ चॅनेल असायचा. त्यावर रात्री नऊला सिनेमा. सिनेमाच्या आधी फोटोसकट वाढदिवसाच्या शुभेच्छा, मध्येच कापड दुकानाच्या सेलची पाटी, खाली सरकणारी पट्टी : ‘अमुक गल्लीत काळी म्हैस हरवली आहे.’ गावाचा आवाज त्याच्या व्हीसीआरमध्ये होता. टॉकीजवाले त्याच्या नावानं बोटं मोडायचे.

मग त्याच्यावरच पाळी आली. केबलचं डिजिटायझेशन महानगरांपासून टप्प्याटप्प्यानं सरकत मार्च 2017पर्यंत खेड्यांवर येऊन ठेपलं. सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, सिग्नल मोठ्या कंपनीकडून येऊ लागला आणि फेब्रुवारी 2019मध्ये 100 वाहिन्यांपर्यंतचा मूळ आकार जास्तीत जास्त 130 रुपये अधिक कर असा तेव्हापुरता ठरून गेला. गावचा चॅनेल चालवणारा माणूस दुसऱ्याची वसुली करणारा झाला. त्याच सुमारास 5 सप्टेंबर 2016ला जिओ सुरू झालं. पहिले काही महिने डेटा फुकट. जी पोरं एमबी मोजून व्हिडिओ बघायची, ती रात्रभर बघू लागली.

इथून केबलवाल्यांचे दोन रस्ते झाले. एक जण महिन्याच्या महिन्याला वसुलीचं कार्ड घेऊन दारोदार फिरत राहिला, दर खेपेला चार घरं कमी. दुसऱ्यानं त्याच खांबांवरून फायबर ओढलं. ऐकायला सोपं वाटतं. पण समजा, तुमच्याकडे केबलची आठशे घरं आहेत आणि इंटरनेट मागणारी वीस. पावसात लाइन तुटली. आधी कुणाकडे शिडी न्याल? आठशेंकडेच. वीस जण थांबतील, वैतागतील आणि जातील. मग आपण म्हणू, ‘आपल्या गावात इंटरनेट चालत नाही.’

ख्रिस्टेन्सनचा यावरचा सल्ला होता, की नव्या कामासाठी वेगळी छोटी फळी उभी करा. तिला वीस गिऱ्हाइकंही मोठी वाटली पाहिजेत आणि तिचा हिशेब जुन्या धंद्याच्या हिशेबात मिसळता कामा नये. आपल्या भाषेत सांगायचं तर काम पुतण्याला द्या, वही वेगळी करा आणि पहिल्या वर्षी त्याला ‘किती कमावलंस?’ असं विचारू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड. दिवाळीला सगळे एकत्र जेवायला बसले की कुणी तरी विचारतंच.

(दृश्य : मोबाइलचं दुकान. काउंटरवर कार्ड रीडर, धुळीनं भरलेला कीबोर्ड.)

जिओच्या आधीची काही वर्षं या दुकानांची होती. तेव्हा खान्देशातलं संगीताचं वितरण इथून चालायचं. दोन जीबीचं मेमरी कार्ड काउंटरवर यायचं. दुकानदार कार्ड रीडरला लावून विचारायचा, ‘काय भरू?’ संगणकावर फोल्डर तयार असायचे : अहिराणी, डीजे, कानबाई, जुने हिंदी. नंदुरबारकडच्या दुकानात टिमली आणि पावरी या आदिवासी नाचगाण्यांचे. वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. हे सरळसरळ बेकायदा होतं, गायकाला छदामही मिळायचा नाही. पण कुठलं गाणं चालतंय हे या दुकानदाराइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नसराईत दिवसभर एकच गाणं मागितलं जायचं. ही माहिती सोन्यासारखी होती आणि तिची नोंद कुणीच ठेवली नाही.

ज्यांनी ती कान देऊन ऐकली, ते पुढे गेले. त्यात लग्नाचं शूटिंग करणारे बरेच. कॅमेरा त्यांच्याकडे होता, एडिटिंग येत होतं आणि पावसाळ्यात हात रिकामे असायचे. हळदीत लोक कुठल्या ओळीला पुन्हा पुन्हा ‘वन्स मोअर’ म्हणतात, हे त्यांनी व्ह्यूफाइंडरमधून पाहिलेलं. त्यांच्यापैकी एखादा सांगतो, ‘गानं कोन ऐकस भो? नाचाले जोयजे.’ म्हणून खान्देशी गाणं एका जागी बसून ऐकण्याच्या हिशेबानं बांधतच नाहीत. पहिल्या काही सेकंदांत ठेका, बँडवाल्याला कीबोर्डवर सहज उचलता येईल अशी चाल आणि नवरा, नवरी, करवली, नणंद यांतलं कुणी तरी हमखास मुखड्यात. प्रदर्शनाचं वेळापत्रकही इथलंच. आखाजी, श्रावणातली कानबाई आणि लग्नसराई.

आणि बँड? डीजे आला तेव्हा बँड संपला असंच वाटत होतं. टिकले ते बँडवाले, ज्यांनी ट्रॉलीवर कीबोर्ड आणि साउंड चढवला, आठवड्यापूर्वी यूट्यूबवर आलेलं गाणं या आठवड्यात वाजवलं आणि आपल्या वरातीचे व्हिडिओ स्वतःच्या नावानं टाकले. आता लोक व्हिडिओ बघून बँड बुक करतात.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर यूट्यूबची आकडेवारी. आलेख वर-खाली.)

पण इथं मालक बदलला, इतकंच. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 55 टक्के चॅनेलला मिळतात, शॉर्ट्सच्या वाट्यातले 45. टक्के सगळ्यांना सारखे, पण कशाचे टक्के? जाहिरातदार खान्देशातल्या प्रेक्षकासाठी मोजतो ते दर महानगरातल्या प्रेक्षकापेक्षा कमी. त्यामुळे कोटीचे व्ह्यूज ऐकून पाहुणे कर्ज मागायला येतात आणि चॅनेलवाला कसनुसा हसतो. घर चालतं ते स्टेज शोवर, दुकानाच्या उद्घाटनांवर आणि निवडणुकीतल्या प्रचारगीतांवर.

29 जून 2020ला केंद्रानं 59 ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. शेतात, विहिरीच्या काठावर, ट्रॅक्टरवर नाचून लाखांनी चाहते मिळवलेल्या पोरापोरींचे चाहते एका रात्रीत गेले. दीडेक आठवड्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले, पण तिथं पुन्हा शून्यापासून सुरुवात. ज्यांनी लोकांचे फोन नंबर, गावोगावचे ग्रुप, कार्यक्रम ठरवणारी माणसं धरून ठेवली होती, ते लवकर सावरले.

दुसरं दुखणं हक्कांचं. कानबाईचं गाणं आजीचं, तिच्या आजीचं, कुणा एकाचं नाही. कायद्यानं हक्क असतो तो एखाद्या ध्वनिमुद्रणावर, मूळ पारंपरिक चालीवर नाही. पण यूट्यूबवर गाणी जुळवून बघणाऱ्या यंत्राला आजी कळत नाही. आधी चढवलेल्या गाण्याशी जुळलं की दावा लागू शकतो आणि पैसे दुसऱ्याकडे वळतात. दाव्याला हरकत घेता येते, हे इथल्या कित्येक गायकांना माहीतच नसतं. गाण्याला दोन लाख खर्च करणारा माणूस गीतकाराशी एका पानाचा करार करत नाही, आणि गाणं चाललं की भाऊबंदकी सुरू. माझ्या मते खान्देशातल्या या धंद्याला सगळ्यात मोठी गरज चांगल्या कॅमेऱ्याची नाही, एका पानाच्या करारनाम्याची आहे.

एक गोष्ट मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही. जात्यावरच्या ओव्या संपल्या त्या रेडिओमुळे नाहीत, कॅसेटमुळेही नाहीत. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं. गाण्याला धक्का देणारी वस्तू दर वेळी गाण्याच्या धंद्यातूनच येते असं नाही.

(दृश्य : रेकॉर्डिंगची छोटी खोली. भिंतींना फोम. लॅपटॉपवर एक गाणं सुरू.)

हे गाणं कुणी गायलेलं नाही. चार ओळी टाइप केल्या आणि मिनिटभरात एआयनं चालीसकट बनवून दिलं. ठेका बरा आहे, अहिराणी अजून बोबडी. ‘शे’च्या जागी मध्येच ‘आहे’ येतं. खोलीतले सगळे खो-खो हसतात.

तेवढ्यात फोन वाजतो. नगरपालिकेला उभ्या राहिलेल्या उमेदवाराच्या माणसाचा. प्रचाराचं गाणं संध्याकाळपर्यंत हवंय, रिक्षावरच्या भोंग्यावर लावायचंय, बोबडं असलं तरी चालेल. स्टुडिओवाला क्षणभर थांबतो, गायकाच्या मानधनाचा आकडा सांगतो. पलीकडून विचारणा होते, गायक नको असेल तर किती?

स्टुडिओवाला लॅपटॉपकडे बघतो आणि म्हणतो, ‘दहा मिनिटांत सांगतो.’