टीएफटीपीची ओळ टाकली तरी राऊटर फ्लॅशवरूनच का उठतो?

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, बूट सिस्टम टीएफटीपी टाकलं, सेव्ह केलं, रिलोड दिला, तरी राऊटर फ्लॅशवरूनच उठतो." राऊटरने सुरू होताना आपलं सॉफ्टवेअर स्वतःच्या फ्लॅश मेमरीतून न घेता टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, सर्व्हरवरून घ्यावं, एवढंच त्यांना हवंय. म्हणून आज फक्त हेच घेऊ. समोर सिस्को २८०० आहे, कन्सोल केबल लावलेली आहे.

बेसिक पटकन उरकतो. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालू, आयओएसची, म्हणजे राऊटरच्या सॉफ्टवेअरची फाइल (इमेज) त्याच्या फोल्डरमध्ये, राऊटरवरून सर्व्हरला पिंग जातोय, फायरवॉलमध्ये टीएफटीपीचा पोर्ट यूडीपी ६९ मोकळा. सर्व्हर लिनक्सवर असेल तर फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. झालं.

आता खरी गोष्ट. चालू कॉन्फिगमधल्या फक्त बूटच्या ओळी दाखवणारी कमांड द्या: शो रन, पाइप, इन्क्लूड बूट. बूट-स्टार्ट-मार्कर आणि बूट-एंड-मार्कर यांच्या मधे बघा. वर बूट सिस्टम फ्लॅश, खाली बूट सिस्टम टीएफटीपी. राऊटर हे वरून खाली वाचतो. फ्लॅशमधली इमेज चांगली आहे, मग तो तीच उचलणार. खालच्या ओळीची पाळीच येत नाही!

नवी ओळ टाकली की ती शेवटी जाते. रेशनच्या रांगेत नंतर आलेला मागेच उभा राहतो, तसंच. टीएफटीपीची ओळ परत परत टाकून ती वर सरकत नाही. आधी नो बूट सिस्टम देऊन सगळ्या ओळी काढा. मग टीएफटीपी, त्याखाली फ्लॅश, आणि सेव्ह करायला राइट मेमरी.

एका मुलाने मला रात्री फोन केला होता. केबल बदलून झाली, सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदलून झालं, आता राऊटरच खराब आहे म्हणत होता. मी म्हटलं, बाळा, आधी शो रनमधल्या बूटच्या ओळी वाचून दाखव. पहिलीच ओळ फ्लॅश! राऊटर धडधाकट होता. तुम्हीही केबलला हात लावण्याआधी या ओळी बघा, कळकळीने सांगतोय.

एका कॉमेंटमध्ये सल्ला आहे की फ्लॅशची ओळ ठेवूच नका. मला हे अजिबात पटत नाही. सर्व्हरच्या खोलीतली वीज गेली, तर राऊटरने पुढे काय करायचं हे तुम्हीच लिहून ठेवलेलं असावं. फ्लॅश ठेवा, पण टीएफटीपीच्या खाली.

क्रम बरोबर असूनही जमलं नाही, तर शो व्हर्जनची शेवटची ओळ बघा. कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राऊटरने कसं सुरू व्हायचं ते ठरवणारा आकडा, २१०२ हवा. शेवटचा आकडा ० असेल तर राऊटर रॉममॉनमध्येच, म्हणजे आयओएस चढण्याआधीच्या छोट्या प्रोग्रॅममध्येच, थांबतो. पासवर्ड रिकव्हरीनंतर २१४२ तसंच राहिलं असेल, तर सेव्ह केलेली कॉन्फिगच वाचली जात नाही.

फाइल ३२ एमबीच्या आसपास अडकते म्हणणाऱ्यांनी सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदलावं. टीएफटीपीचा साधा ब्लॉक ५१२ बाइटचा आणि ब्लॉकचा नंबर १६ बिटचा. ६५,५३५ नंतर आकडा परत पहिल्यापासून मोजणं जुन्या प्रोग्रॅमना जमत नाही.

आणि रॉममॉनमधून टीएफटीपीडीएनएलडी (टीएफटीपीने इमेज उतरवून घ्यायची कमांड) वापरणाऱ्यांनो, नुसती कमांड दिली तर फ्लॅशमधलं सगळं पुसलं जातं. स्क्रीनवर तशी वॉर्निंग येते, ती न वाचता वाय दाबू नका. इमेज फक्त रॅममध्ये चढवायची असेल तर पुढे डॅश आर लावा.

रिलोड झाला की परत शो व्हर्जन. "सिस्टम इमेज फाइल इज" च्या पुढे टीएफटीपी आलं म्हणजे काम झालं. फ्लॅश दिसलं तर बूटच्या त्या दोन-तीन ओळी कॉमेंटमध्ये टाका. पूर्ण कॉन्फिग टाकू नका, त्यात पासवर्ड असतात.