सातशेंमधली एक: पांढऱ्या पेशींची सोपी मोजणी

(दृश्य: बोटाच्या टोकावर फुगत जाणारा रक्ताचा थेंब)

लांबी, रुंदी आणि उंची एकेक मिलिमीटर, अशा ठोकळ्यात मावेल एवढं रक्त म्हणजे एक मायक्रोलिटर. एवढ्याशा रक्तात तांबड्या पेशी असतात साधारण 50 लाख. पांढऱ्या पेशी मात्र निरोगी मोठ्या माणसात 4,000 ते 11,000. म्हणजे सातशे तांबड्यांमागे जेमतेम एक पांढरी.

डेंग्यूत पांढऱ्या पेशींचा आकडा खाली येतो, अपेंडिक्स सुजलं की बहुधा वर जातो. मोठ्या लॅबमध्ये तो सेल काउंटर काढून देतो. पण त्या यंत्राला रिएजंट, म्हणजे खास रसायन, लागतं, भरवशाची वीज लागते, सर्व्हिसिंगला माणूस लागतो. जिथे यातलं काही नाही, तिथे पेशींमधला एक फरक कामाला येतो: पांढऱ्या पेशीला केंद्रक असतं, पक्व तांबडीला नसतं.

(दृश्य: चंबूत जांभळा द्रव गाळला जातोय)

हा टर्क द्रव. लॅबमध्ये याला डब्ल्यूबीसी फ्लुइड म्हणतात. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 2 मिलि, जेन्शियन व्हायोलेटचं पाण्यातलं 1 टक्का द्रावण 1 मिलि, आणि एकूण 100 मिलि होईपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध माहीत असेल. त्यातला रंग हाच. ॲसिड तांबड्या पेशी फोडतं, रंग पांढऱ्यांच्या केंद्रकांवर चढतो. द्रव गाळायचा कंटाळा करू नका. जुन्या बाटलीत बुरशी धरते, रंगाचे कण तळाशी बसतात, आणि पेशी मोजायच्या चेंबरमध्ये ते हुबेहूब पेशींसारखे दिसतात.

(दृश्य: मायक्रोपिपेटची टिप, बाहेरून टिपकागदानं पुसताना)

पूर्वी रक्त बल्बच्या काचेच्या पिपेटमध्ये, म्हणजे मापाच्या नळीत, तोंडानं ओढायचे. ते आता पूर्ण बंद हवं. दुसऱ्याचं रक्त तोंडात जाण्याचा धोका कशाला घ्यायचा? छोट्या ट्यूबमध्ये 380 मायक्रोलिटर द्रव घ्या, त्यात 20 मायक्रोलिटर रक्त. झालं एकास वीस. हिशोब सोपा म्हणून 400 घेतलात तर प्रमाण एकास एकवीस होतं आणि आकडा 5 टक्क्यांनी कमी येतो.

बहुतेक चुका इथेच होतात, मायक्रोस्कोपपर्यंत पोचायच्या आधी. टिपच्या बाहेर लागलेलं रक्त पुसलं नाही तर ते जास्तीचं आत जातं. बोट पिळून थेंब काढला तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं. ईडीटीए रक्त गोठू देत नाही; तरीही त्याच्या ट्यूबमध्ये बारीकशी गुठळी झाली तर पेशी तिच्यात अडकून बसतात, असा नमुना टाकूनच द्यावा. आणि ट्यूब उभी राहिली की पेशी खाली बसतात. म्हणून रक्त घेण्याआधी ती आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायची, घुसळायची नाही.

द्रवात मिसळलेलं रक्त दोन-तीन मिनिटांत तपकिरी होतं. लालसर ढगाळपणा राहिला असेल तर तांबड्या पेशी अजून फुटलेल्या नाहीत, थांबा.

(दृश्य: न्यूबॉर चेंबर, अगदी जवळून, काचेच्या कडेला इंद्रधनुषी रेघा)

न्यूबॉर चेंबर म्हणजे चौकोनांची जाळी कोरलेली जाड काच, पेशी मोजायची. या रेघा नीट पाहा. चेंबरची जाड कव्हरस्लिप, म्हणजे वरची झाकणकाच, दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर घट्ट बसली की अशा रंगीत रेघा उमटतात. त्या दिसल्या तरच खोली बरोबर 0.1 मिलिमीटर. साधी पातळ कव्हरस्लिप द्रवाच्या ओढीनं वाकते, खोली बदलते, आणि आकडा चुकल्याचं कुणाला कळतही नाही. पैसे वाचवायला ही जागा नव्हे.

ट्यूब पुन्हा हलवा, मगच कडेनं द्रव सोडा. तो आपोआप आत ओढला जातो. खाचेत ओघळला किंवा बुडबुडा राहिला तर धुऊन, पुसून पुन्हा भरा. मग ओलसर झाकणाखाली तीन मिनिटं. उन्हाळ्यात पंख्याखाली चेंबर उघडं ठेवलं की कडा सुकू लागतात आणि पेशी एका बाजूला वाहत जातात.

मायक्रोस्कोपचं दहापट ऑब्जेक्टिव्ह, प्रकाश एकवटणारा कंडेन्सर खाली, प्रकाश मंद. चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजायचे. वरच्या आणि डाव्या रेषेवरची पेशी धरायची. खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची. चौघांची बेरीज गुणिले 50, की मायक्रोलिटरमधला आकडा मिळतो.

समजा 140 पेशी मोजल्या. उत्तर 7,000. पण हात कितीही सफाईदार असला तरी पेशी चौकोनांत योगायोगानं पडतात, त्यामुळे हा आकडा खरं तर 5,800 ते 8,200 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. काल 7,000 होते, आज 6,200 झाले, म्हणून घाबरू नये. 30च पेशी सापडल्या तर ही अनिश्चितता फार वाढते. अशा वेळी 180 मायक्रोलिटर द्रवात 20 मायक्रोलिटर रक्त घेऊन एकास दहा करावं, बेरजेला 25 ने गुणावं. शक्य तर नवही चौकोन मोजावेत. मग एका चौकोनाच्या सरासरीला 100 ने गुणावं.

(दृश्य: अंधारात हिरवे ठिपके)

दुसरी वाट पेशी फोडत नाही. ॲक्रिडिन ऑरेंज हा रंग केंद्रकातल्या डीएनएला चिकटतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. तांबड्या पेशी काळ्याच राहतात. निळा एलईडी, समोर पिवळा फिल्टर, आणि फोनचा कॅमेरा चालतो. रंग काचेवर आधीच वाळवून ठेवला तर पातळ करण्याची पायरीही गळते. अडतं ते थराच्या जाडीवर. ती पातळ आणि सगळीकडे सारखी हवी, तिथे मापाची सूट नाही. रंग उजेडात फिका पडतो, म्हणून काचा काळ्या कागदात ठेवतात आणि फोटो पहिल्या काही सेकंदांत घेतात.

(दृश्य: काचपट्टीवर ओढलेला रक्ताचा पातळ थर)

पण दोन्ही पद्धती एका ठिकाणी सारख्याच फसतात. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच. त्यांच्या रक्तात केंद्रक असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी अनेकदा फिरत असतात. ॲसिडनं केंद्रक विरघळत नाही, ॲक्रिडिन ऑरेंज त्यालाही उजळवतं. दोन्हीकडे त्या पांढऱ्या म्हणूनच मोजल्या जातात.

म्हणून स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचा हा पातळ थर रंगवून पाहणं, सोडता येत नाही. लेशमन स्टेन हा रंग मिथेनॉलमध्ये असतो, त्यामुळे पेशी पक्क्या करणं आणि रंगवणं एकाच बाटलीत होतं. स्लाइडवर आठ-दहा थेंब, दोन मिनिटं. स्टेन सुकू द्यायचा नाही. मग दुप्पट बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, पीएच 6.8, फुंकून मिसळा, सात ते दहा मिनिटं. धुताना स्लाइड आधी तिरपी करू नका. ती आडवीच ठेवून वरून पाणी सोडा, म्हणजे वरची सोनेरी साय तरंगत निघून जाते. नाहीतर तीच पेशींवर बसते. बफरऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर सगळं निळं दिसतं. पावसाळ्यात मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढतं, आणि तांबड्या पेशींत चमकदार भोकं दिसू लागतात.

आता शंभर पांढऱ्या पेशी मोजताना केंद्रकवाल्या तांबड्या किती दिसल्या, ते वेगळं लिहा. चेंबरमध्ये आकडा आला 18,000. स्मिअरवर शंभरामागे 20 अशा पेशी. 18,000 गुणिले 100, भागिले 120. रिपोर्टवर जाईल तो आकडा: 15,000.