वस्तीची गाडी

(पाऊस. कौलांवरून पागोळ्या. आतून पेटीचा सूर.)

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जुलैतली दुपार. वीज गेलीय. पहिली ते पाचवी, सगळी पोरं एकाच खोलीत. मधोमध पेटी, भजनी मंडळाकडून मागून आणलेली. तिची एक पट्टी दाबली की वर येतच नाही. म्हणून वाजवणाऱ्याशेजारी दुसरीतला एक भिडू बसतो आणि नखानं ती उचलून देतो. नाटकात त्याचं काम एवढंच.

नाटक पोरांनीच रचलंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गायचं, म्हणजे ऑपेरा. बाईंनी शब्द सांगितला, पोरांनी त्याचा 'अप्परा' केला.

गोष्ट साधी. रात्री गावात मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी येत नाही. ओढ्याला पाणी आलंय. बाजाराला गेलेल्या आया गाडीत अडकल्यात. "राक्षस घेऊया की," असं दोघांचं म्हणणं होतं, खरं ते कुणी मनावर घेतलं नाही.

चाल लावा, असं बाई सांगतच नाहीत. 'गाडी आली नाही अजून' हे वाक्य दहादा म्हणायला लावतात. रागानं म्हण. भिऊन म्हण. आता ओढ्यापलीकडं ऐकू जाऊ दे. हाक मारताना 'अजून'मधला 'जू' आपसूक लांबतो, वर चढतो. तो सूर पेटीवर सापडला की ओळ तयार.

चौथीतल्या एका मुलीनं आजीचं रोपलावणीचं गाणं आणलं. त्याची चाल ठेवली, शब्द पावसाचे घातले. कंडक्टर झालेल्या पोराच्या घरी कानडी. तो अडूनच बसला, कंडक्टर कानडीतच गाणार. 'मुंद होग्रीऽ', म्हणजे 'पुढं चला', एवढ्या दोन शब्दांवर त्यानं अख्खं पद उभं केलंय, आणि माझ्या मते नाटकातलं सगळ्यात झकास पद तेच.

चालीवर शब्द बसवायची ही रीत या मातीत जुनीच. मलप्रभा इथल्या कणकुंबीला उगम पावते आणि पुढं सौंदत्ती तालुक्यात जाते. त्याच तालुक्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ साली अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. १८८० साली पुण्यात त्यांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. त्यांच्या पदांत कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आल्या, तशा कानडी चालीही आल्या. तिकडं गोकाकच्या बाजूला कौजलगी निंगम्मांनी 'श्रीकृष्ण पारिजात' हे कानडी लोकनाट्य गाजवलं, तेही गाण्यावरच चालणारं. पोरांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायची घाईही नाही.

(तालीम. सुपात तांदूळ घोळवल्याचा आवाज.)

सुपातला पाऊस दोघी मुली पाडतात. बाहेरचा खरा पाऊस वाढला की यांचा ऐकूच येत नाही, मग त्या चिडून सूप आणखी जोरात हलवतात. निम्मे तांदूळ जमिनीवर.

गाडी शेवटी यावी का, यावर दोन दिवस भांडण झालं. ठरलं ते असं: गाडी दिसायची नाही, नुसता हॉर्न वाजेल, तोही लांबून. हॉर्नसाठी पेटीचा जो सूर निवडलाय, तो नेमका दबणाऱ्या पट्टीचा. तीनदा वाजवायचाय.

दुसरीतला भिडू नख पुढं करून बसलाय.