मोलिएर रंगमंचावर मेला नाही!

अध्यक्षमहाराज आणि रसिकहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘मोलिएर आणि मराठी नाटक’. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी एक जुनं दुखणं काढतो. इतकी माणसं आयती समोर बसलेली पुन्हा कधी मिळतील, सांगता येत नाही.

तरुणपणी एका प्रश्नमंजूषेत मला शेवटचा प्रश्न आला : रंगमंचावर मरण पावलेला फ्रेंच नाटककार कोण? मी म्हटलं, ‘तुम्हाला मोलिएर हवाय, पण तो घरी गेला.’ परीक्षकांनी हातातलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि ‘उत्तर चूक’ म्हणाले. पाच लिटरचा कुकर शेजारच्या बाईंना मिळाला. त्यांनी नुसतं ‘मोलिएर’ म्हटलं होतं. आमच्याकडे पुढे बरीच वर्षं डाळ पातेल्यातच शिजली, आणि ती शिजेपर्यंत मला मोलिएर ऐकवला जायचा.

तर तारीख १७ फेब्रुवारी १६७३, पॅरिसचं पॅले-रोयाल नाट्यगृह. ‘ल मालाद इमाजिनेर’ या नाटकाचा चौथा प्रयोग. काही एक झालेलं नसताना आजारी असल्याचं मनाशी धरून बसलेला आर्गां हे त्यातलं मुख्य पात्र. ते करतोय स्वतः मोलिएर, आणि त्याची छाती खोकल्याने खरोखरच पोखरलेली. या नाटकात आर्गां मेल्याचं सोंग घेतो, आणि त्याआधी विचारतो, असं सोंग घेण्यात काही धोका तर नाही ना? आणखी एका प्रवेशात तो मोलिएरच्याच नावाने बोटं मोडतो : डॉक्टरांची टर उडवतो काय, मी डॉक्टर असतो तर त्याला औषधावाचून मरू दिला असता! लेखकाने लिहिलेलं, लेखकानेच म्हणायचं, आणि प्रेक्षकांनी हसायचं.

त्या दिवशी बायकोने, आर्मांदने, प्रयोग रद्द कर म्हणून विनवलं. ग्रिमारेस्त या चरित्रकाराने १७०५ साली मोलिएरचं उत्तर नोंदवलंय. त्याचा आशय असा, की पन्नास गरीब कामकरी रोजावर जगतात, प्रयोग झाला नाही तर त्यांनी काय करायचं? ही गोष्ट ग्रिमारेस्तने रंगवली असेलही. पण माझं सगळं म्हणणं या वाक्यात आहे. आपण मोलिएरला लेखक म्हणून वाचतो. तो होता कंपनीचा मालक! आपल्या नाटक कंपन्यांचे मालक जसे नट, तालीम मास्तर, हिशेबनीस आणि कर्जदार एकदमच असत, तसा.

कर्जावरून आठवलं. याचं खरं नाव जाँ-बाप्तिस्त पोकलँ, जन्म १६२२. बाप राजाच्या पदरी गाद्या-पडद्यांचं काम बघणारा. गादी अक्षरशः तयार होती. ती सोडून एकविसाव्या वर्षी हा बेजार आडनावाच्या नट-कुटुंबाबरोबर नाटक कंपनी काढतो, भाड्याने घेतो टेनिसचं बंदिस्त कोर्ट, आणि दोन वर्षांत, १६४५ला, तुरुंगात जातो. कशापायी? मेणबत्त्यांचं बिल थकलं म्हणून! दिव्यांचं बिल थकवणं ही कला आपल्याकडच्या हौशी संस्थांनाही अवगत आहे, इथली मंडळी हसताहेत म्हणजे ओळखलंत. (खजिनदार हसत नाहीयेत.) मग तेरा वर्षं गावोगाव दौरे. १६५८मध्ये चौदाव्या लुईसमोर आधी शोकांतिका केली, ती बेतासबात; मग एक छोटा फार्स टाकला, राजा हसला, आणि पॅरिसमध्ये जागा मिळाली.

हं, तर तो प्रयोग. शेवटी आर्गांलाच डॉक्टर करण्याचा लुटूपुटूचा समारंभ आहे, मोडक्या लॅटिनमध्ये. ‘जुरो’, म्हणजे शपथ घेतो, असं म्हणताना मोलिएरला आचका आला. त्याने तो हसण्याखाली दडवला आणि प्रयोग पुरा केला. मग भोयांनी उचलायच्या, मेण्यासारख्या बंद खुर्चीतून त्याला रिशल्यू रस्त्यावरच्या घरी नेलं. तिथे रात्री दहाच्या सुमारास तो गेला. नट असल्यामुळे चर्च दफनाला तयार होईना. आर्मांद राजापर्यंत गेली, तेव्हा रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता परवानगी मिळाली. कॉमेदी-फ्रान्सेज या पॅरिसच्या नाट्यगृहात ठेवलीय ती आर्गांची रंगमंचावरची आरामखुर्ची. दोन खुर्च्यांची सरमिसळ झाली आणि माझा कुकर गेला. याला खुर्च्यांचा घोटाळा म्हणता येईल, आणि इथून मी तसबिरीच्या घोटाळ्यावर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मग पळत सांगतो. १६६०चं मोलिएरचं ‘स्गानारेल’. रस्त्यात मुलीला घेरी येते, हातातली प्रियकराची तसबीर पडते. स्गानारेल नावाचा गृहस्थ तिला सावरतो, ते त्याची बायको खिडकीतून बघते. मग तसबीर बायकोच्या हाती आणि संशय दोघांच्या डोक्यात. यावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत १७६१ साली नाटक केलं, आणि ते देवलांनी मराठीत आणलं : ‘तसबिरीचा घोटाळा’, पुढे १९१६चं ‘संगीत संशयकल्लोळ’. म्हणजे त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव हा स्गानारेलचा नातू, मधला बाप इंग्रज. पण देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केलं, आणि तिच्या प्रियकराच्या, अश्विनशेटच्या, संशयाला निराळीच धार आली. ती मोलिएरकडे नाही.

हरिभाऊ आपट्यांचं ‘मारून मुटकून वैद्यबुवा’, अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’, दोन्ही मोलिएरवरूनच. त्यांना अर्धा अर्धा तास ठेवला होता, तो गेला. त्याच्या ‘तार्त्युफ’ या नाटकावर पाच वर्षं बंदी होती, तेही राहिलं. फ्रान्समध्ये पडदा उघडण्याआधी काठी तीनदा आपटायची रीत आहे, आपल्याकडे तिसरी घंटा होते. आत्ता आयोजकांनी वाजवली ती तिसरीच ना? मग नियमाने आता सुरुवात व्हायला हवी. पण बसतो, चहा निवतोय.